सकाळचं वीतभर पाणी

"मॅडम, आज फिर वही! तुमचं यंत्र वीतभर जास्त दाखवतंय!"

प्रेमराजची हाक पुलाखालून आली आणि भाविकाचा पोह्यांचा घास तोंडाशीच थांबला. आई लॅपटॉप छातीशी धरून उतारावरून अशी काही धावली, की तिची एक चप्पल वरच राहिली. भाविका ती चप्पल उचलून मागे पळाली. असं काही घडायला लागलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. बाकी वेळ या गावात वाऱ्यालासुद्धा तिच्याशी बोलायला फुरसत नव्हती.

खाली तापी गपगार वाहत होती. मार्च लागला होता, पात्र आक्रसलं होतं. घाटाच्या दगडी भिंतीवर काळ्या-पांढऱ्या आकड्यांची पट्टी रंगवलेली, आणि तिच्यासमोर दोन माणसं उभी. एक छगन नाना, महाराष्ट्राचे. दुसरा प्रेमराज, मध्य प्रदेशाचा.

तामसखेडं हे रावेर तालुक्याच्या अगदी कडेचं गाव. नदी वरून येते ती मध्य प्रदेशातून, पुढे जळगाव-धुळे ओलांडून जाते ती गुजरातेत. उन्हाळ्यात वरच्यांनी खालच्यांसाठी किती पाणी ठेवायचं हे दोन्ही राज्यांत ठरलेलं. ते ठेवलं की नाही, हे रोज सकाळी आठला दोन राज्यांची दोन माणसं मिळून या पट्टीवर बघणार. एकट्याने बघितलेलं दुसरं राज्य मानत नाही.

आता पुलाच्या कठड्याला, मधल्या पिलरपाशी, डब्यासारखं यंत्र टांगलं होतं. ते खालच्या पाण्यापर्यंतचं अंतर मोजतं आणि आकडा थेट दोन्हीकडच्या ऑफिसात पाठवतं. भाविकाची आई दिपमाला ही शाखा अभियंता, तिची बदली त्यासाठीच इथे झाली होती. सकाळी आठच्या वाचनाला यंत्र आणि पट्टी काही आठवडे नीट जुळली, की पट्टी बंद, घाटावरची नानांची चौकी बंद, काम खलास.

पण जुळत नव्हती. यंत्र वीतभर जास्त सांगत होतं.

"म्हणजे मध्य प्रदेशाने न सोडलेलं पाणी त्यांच्या नावावर जमा," आई दातओठ खात म्हणाली. "खालचे शेतकरी ऑफिसवर मोर्चा आणणार."

"मॅडम, माझ्याकडे असं बघू नका," प्रेमराज म्हणाला. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची कडक घडी, मोटरसायकलवरून येऊनही डाग नाही. "मला वरून नोटीस आली आहे. यंत्र आम्हीच फिरवलं म्हणून तुम्ही लोक चोर म्हणता, मी पट्टीवर कमी लिहितो म्हणून माझे साहेब गद्दार म्हणतात. मी जाऊ कुठे?"

"वर पाणी पिऊन घेता आणि आम्हाला ओली वाळू पाठवता," नानांनी टोला दिला.

"और उसी वाळूत तुम्ही केळी पिकवता! जादू है, छगनभाऊ!"

भाविका खुदकन हसली. हे भांडण रोजचं होतं. भांडण झालं की नाना स्टोव्ह पेटवायचे आणि दोघं एकाच बशीतली खारी चहात बुडवून खायचे.

आईने यंत्र उघडलं, तपासलं, पुसलं, बंद केलं. दुपारी आकडा अगदी बरोबर आला. यंत्राला काहीच झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. भूषण हवालदाराने कमरेएवढ्या पाण्यात उतरून मधल्या पिलरला पाण्यालगत बांधलेला नायलॉनचा दोर शोधून काढला. दोराची सुटी टोकं पाण्यात हलत होती. पिलरच्या आडोशाला नेहमीसारखे केळीचे खांब, पेंढ्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. केळी कापली की खांब नदीत सोडून द्यायचे ही इकडची खोडच. त्या घाणीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांची नजर दोरावर.

"नदीतल्या मोटरी उतरवायला असाच दोर लागतो ना?" हवालदाराने विचारलं.

लागतो. आणि काठाकाठाने मोटरी काढणारा, बसवणारा, भल्या सकाळी नदीत उभा असणारा माणूस गावात एकच होता. अय्युब मिस्तरी. केळीवाल्यांनी चोरून उपसलेलं पाणी लपावं म्हणून त्यांचे पैसे खाऊन यंत्र बिघडवतो, असं कुणीतरी म्हणालं, आणि संध्याकाळपर्यंत सगळेच तसं म्हणायला लागले. अय्युबला चौकशीला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चुकलं नाही.

"झालं सिद्ध," गाव म्हणालं.

त्याच दिवशी नववीच्या वर्गात भाविकाच्या बाकावरची अर्धी जागा रिकामी होती. ती नाजमीनची. अय्युबची मुलगी.

भाविका धुळ्याकडच्या साक्रीची. तिकडे तिच्या एका हाकेला गल्लीभर पोरी गोळा व्हायच्या. इथे पोरी वाईट नव्हत्या, पण त्यांच्या गोष्टी बालवाडीपासून सुरू झालेल्या. मध्येच शिरायचं कुठून? 'आहे'ऐवजी तिच्या बोलीतला 'शे' ऐकला की मागचा बाक फिसकन हसायचा. पप्पा सुरतेला, आई पुलावर. बोलायला नाजमीन एक, आणि सकाळच्या एसटीची वाट बघताना छगन नाना. नानाही मूळचे साक्रीकडचे, अख्खी नोकरी या घाटावर गेलेली. बायको वारली, मुलगा लांब. चौकीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि रोज वाचनाआधी पट्टीवरचं शेवाळ घासायला पाण्यात उतरणं.

"ये व माय, बठ," ते म्हणायचे. तेवढ्या चार शब्दांत भाविकाला आपली गल्ली दिसायची.

मध्यंतरी एकदा तिने त्यांच्या सदऱ्यावरचे तपकिरी डाग पाहून चेष्टा केली होती. "नाना, चहा पिता का अंगावर ओतता?"

"सांडी गया," ते म्हणाले होते. "म्हातारा हात शे. थरथरस."

शाळा सुटल्यावर भाविका नाजमीनच्या घरी गेली. अंगणात शेळ्यांसाठी केळीचा ताजा खांब कापून ठेवला होता. नाजमीन दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"तुझ्या आईने पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"उद्या सकाळी तुझी आई तक्रारीवर सही करणार आहे. मग अब्बूंवर केस होणार. कोण मोटर देईल मग त्यांना?"

ती त्या खांबाच्या ढिगावर टेकली आणि तिने आपलं नेहमीचं केलं. प्रश्न विचारला.

"अब्बू रोज जायचे नदीवर?"

"रोज. लाइट पहाटे येते, मोटर चालू होते की नाही ते तेव्हाच कळतं."

"मागच्या बुधवारी?"

"गेले होते. का?"

"असंच. कोणी पैसे दिले होते का त्यांना?"

नाजमीनचे डोळे भरून आले. "पैसे असते तर अम्मी केळीच्या तोडीला मजुरीने गेली असती?"

नाजमीनची अम्मी, हमीदाचाची, तेवढ्यात आतून आली. तिने भाविकाला पाहिलं आणि रागावण्याऐवजी ओरडलीच, "उठ गं पोरी आधी तिथून! ड्रेस गेला तुझा!"

"कुठे? नुसतं पाणी लागलंय."

"आज पाणी. उद्या बघ."

घरी येऊन भाविकाने आईचा लॅपटॉप उघडला. यंत्राचा आलेख तिने आधीही पाहिला होता, पण आज ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं गणितात अडलेली पोर शेवटच्या पानावरच्या उत्तराकडे बघते. रेघ सपाट. मग सकाळी उंटाचं कुबड वर यायचं. मग पुन्हा सपाट. रोज आठच्या आधी कुबड चढायचं, वाचन उरकलं की उतरायचं.

फक्त बुधवारी कुबड नव्हतं.

"आई, मागच्या बुधवारी काय झालं होतं?"

"काही नाही. प्रेमराजच्या घरी बारसं होतं, त्याने पहाटे नानांना फोन करून कळवलं. तो नाही तर वाचन नाही."

"आणि अय्युबचाचांना नेल्यापासून?"

"चौकशी चालू आहे ना, म्हणून जुळवणी थांबवलीय."

"म्हणजे अय्युबचाचांना नेलं म्हणून कुबड गेलं, की जुळवणी थांबली म्हणून?"

आईने मान वर केली. "भावू, झोप आता."

सकाळी भाविकाने शाळेचा ड्रेस हातात घेतला. मागच्या बाजूला, जिथे काल नुसतं पाणी लागलं होतं, तिथे तपकिरी डाग उमटले होते. हुबेहूब चहासारखे. तिने साबण लावला. घासला. डाग जास्तच गडद झाला.

ती शेजारच्या काकूंकडे पळाली. काकू हसल्या. "केळीचा चीक आहे तो. तुमच्या साक्रीत केळी नाहीत ना! लागतो तेव्हा दिसत नाही, मग जन्मभर जात नाही. म्हणून तर आम्ही बागेत जुनेर घालून जातो. चहाचा डाग बरा, निदान धुतला जातो."

भाविका तशीच उभी राहिली. ओला ड्रेस हातातून खाली पडला, तरी तिला कळलं नाही.

तिला आता सगळं माहीत होतं, आणि ते माहीत नसतं तर किती बरं झालं असतं! गप्प बसणं सोपं होतं. दिवसभर कोणाशी न बोलता राहायचा सराव तिला इथे छान झाला होता. पण बाकावरची ती अर्धी जागा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

घाटावर सगळे जमले होते. आई, हातात तक्रारीचा कागद. भूषण हवालदार. त्याच्यासोबत अय्युब, दाढी वाढलेला, नजर खाली. प्रेमराज बाजूला, मोटरसायकलला टेकून. नाना चौकीच्या पायरीवर.

"आई, सही करू नको."

"भाविका, शाळेत जा."

"अय्युबचाचांनी नाही केलं. मी दाखवते."

हवालदार मिशीत हसला. "बोलू द्या मॅडम, नाहीतरी जीपला वेळ आहे. सांग बेटा, कोणी केलं?"

"आधी, काय केलं ते." भाविकाचा आवाज चिरकला, मग सावरला. "आई, तू यंत्र इतक्या वेळा उघडलंस. यंत्राखाली कधी बघितलंस?"

"खाली काय, पाणी."

"पाणी आणि केळीचे खांब. यंत्र अंतर मोजतं. मध्ये जे आडवं येईल तेच त्याला पाणी वाटतं. सुटा खांब तरंगतो तो पाण्याबरोबर. पण एकावर एक रचून बांधले तर वर येतात वीतभर. तसा तराफा करून पिलरला दोराने बांधायचा. दोर ओढला की तराफा यंत्राखाली, सैल सोडला की धारेने पिलरच्या आड, कचऱ्यात. तुम्हाला दोर सापडला तेव्हा तराफा सोडून दिलेला होता."

अय्युबने पहिल्यांदा वर पाहिलं.

"बरं," हवालदार म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ते यानेच केलं नसेल कशावरून?"

"कारण पाणी चोरायचं असतं तर यंत्र दिवसभर खोटं बोलायला हवं होतं. रात्रंदिवस. हे फक्त आठच्या सुमारास खोटं बोलायचं. पाण्याची चोरी काही तेवढ्याच वेळात होत नाही. त्या वेळी फक्त एकच गोष्ट होते. यंत्र आणि पट्टीची जुळवणी. करणाऱ्याला पाणी नकोच होतं. त्याला जुळवणी नको होती."

नदीपलीकडे कुठेतरी मोटर सुरू झाली.

"बुधवारी प्रेमराजकाका येणार नव्हते, म्हणून जुळवणी नव्हती, आणि त्या दिवशी यंत्र खरं बोललं. अय्युबचाचा मात्र त्या पहाटेही नदीवर होते. काका येणार नाहीत हे त्यांना माहीतच नव्हतं. ते माहीत होतं स्वतः काकांना, आणि ज्यांना त्यांनी फोन केला त्यांना."

"मैं?" प्रेमराज ताठ उभा राहिला. "मी माझ्याच राज्याला चोर ठरवेन?"

"तुम्ही नाही, काका. तुम्ही आठला येता, आकडा त्याच्या आधीच चढलेला असतो. आणि तुमचा शर्ट..." ती थांबली. "तुमचा शर्ट पांढरा आहे. केळीचे खांब दोन-चार दिवसांत सडतात, नवे कापावे लागतात. जो कापेल त्याच्या कपड्यावर चीक येणारच. वाचनाच्या आधी पट्टीवरचं शेवाळ घासायला रोज पाण्यात उतरतो तो एकच माणूस आहे. तो पाण्यात दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. त्याच्याकडे केळीची बाग नाही. आणि त्याच्या सदऱ्यावरचे डाग चहाचे नाहीत."

तिने नानांकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

नाना हळूच उठले. सदऱ्याचं टोक हातात धरून त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता.

"मीच करं," ते म्हणाले.

"नाना!" आई एक पाऊल पुढे आली. "का? तुमची पेन्शन कुठे जात नव्हती! बदली जळगावला होणार होती, चांगली खुर्चीवरची!"

"खुर्चीशी काय बोलू मॅडम?" नाना म्हणाले. आईशी बोलताना ते नेहमी शहरी मराठी बोलायचे. "पट्टी बंद झाली की हा येणार नाही. हा येतो, आठला, मोटरसायकल लावतो, मला शिव्या देतो. मग मी स्टोव्ह पेटवतो. मग दिवस सुरू होतो माझा. तो आला नाही त्या बुधवारी मी चहाच केला नाही. एक उन्हाळा निघाला असता, तेवढंच पाहिलं. अय्युबला नेतील हे डोक्यात नव्हतं. नेलं, तेव्हा सांगायला निघालो होतो. फाट्यापर्यंत गेलो. परत आलो."

अय्युब दोन पावलं पुढे आला. हवालदाराने त्याला अडवलं नाही.

"नाना, दोन रात्री माझी पोरगी रडली," तो म्हणाला. "मी रोज याच घाटावरून जातो. पहाटे. एक हाक मारली असती तर बसलो असतो तुमच्याजवळ. चहा घेतला असता. कधी मारलीत हाक?"

नानांनी मान हलवली. नाही.

आईने तक्रारीचा कागद दुमडला. दुसरा लिहावा लागणार होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती हवालदाराला घेऊन वर गेली. अय्युब भाविकाच्या डोक्यावर हात ठेवून चढण चढला; घरी पोचायची घाई त्याच्या पावलांत होती.

भाविका तिथेच राहिली.

"तुले कसं समजनं?" नानांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "साक्रीनी पोर. तुले केयना डाग काय माहीत, आसं वाटनं माले."

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "नाना, मी पण रोज येत होते ना! मी बोलत नव्हते का तुमच्याशी?"

"बोलस व माय. रोज बोलस." ते जरासं हसले. "पन तू मोठी व्हशी, चालनी जाशी. रडू नको. तुनं काहीच चुकनं नही."

वर मोटरसायकलला किक बसली. प्रेमराज पुलावर चढला, सीमेच्या दगडापर्यंत गेला. मग आवाज बंद पडला. तो गाडी तिथेच सोडून पायी परत आला, घाट उतरला. नानांच्या समोर उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांत त्याने नानांना जेवढ्या शिव्या दिल्या होत्या त्या सगळ्या एकदम सुचल्यासारख्या. त्यातली एकही बाहेर आली नाही. तो पायरीवर बसला. इस्त्रीच्या पँटने, धुळीत.

थोड्या वेळाने नानाही बसले. दोघांत एक माणूस मावेल एवढी जागा होती.

एसटीने वरून हॉर्न दिला. भाविका डोळे पुसत पळाली. गर्दीतून वाट काढत ती मागच्या खिडकीपाशी पोचली, तेव्हा गाडी पुलाच्या मध्यावर आली होती. खाली दोघं तसेच बसले होते. मोजायला आता त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं, आणि तरीही दोघं पाण्याकडेच बघत होते.